कंदांचं वर्ष, शाळेचं वर्ष

जानेवारीत जोयड्याला कंदांचा मेळा भरतो. कन्नडमध्ये त्याला 'गेड्डे-गेणसु मेळा' म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या या जंगली तालुक्यातली कुणबी माणसं, त्यातही बायका जास्त, परसात आणि शेताच्या कडेला खणलेले कंद टोपल्यांतून घेऊन येतात. कोनफळं, करांदे, कणगरं, सुरण, रताळी, अळूच्या कुळातली इथली प्रसिद्ध मुडली. काही कंद मुठीएवढे, काही दोन्ही हातांनी उचलावे लागतील एवढे. खरेदीला कारवार-दांडेलीकडची गिऱ्हाइकं येतात, कृषी खात्याची माणसं येतात, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात. गेलं दशकभर हे चाललं आहे आणि त्यामुळे जोयड्याचे कंद तालुक्याबाहेरच्या लोकांना माहीत झाले.

ज्या घरातून हे कंद येतात त्या घरातलं दहा वर्षांचं मूल वेलीकडे बघून खालचा कंद कोणता ते सांगू शकतं. कोणता नुसता उकडून खायचा, कोणत्याचा कडूपणा आधी काढावा लागतो, कोणता पुढच्या पावसासाठी बियाणं म्हणून ठेवायचा, हे त्याला आजीच्या मागेमागे फिरून कळलेलं असतं. तेच मूल वर्गात बसतं तेव्हा पुस्तकात त्याला खोडाचा एक प्रकार म्हणून बटाट्याचं चित्र दिसतं. बटाटा जोयड्यात बाजारातून येतो. करांदा दारातल्या मांडवावर लटकत असतो. या दोहोंमध्ये जे अंतर आहे त्याबद्दल मला लिहायचं आहे. हाताने शिकण्याचे कार्यक्रम, दप्तराविना शनिवार, निसर्गशिबिरं हे सगळं आज सरकारी शाळांपर्यंत पोचतं आहे. ते चांगलंच आहे. पण जोयड्यासारख्या तालुक्यात हाताचं ज्ञान बाहेरून आणावं लागत नाही. ते उंबरठ्याच्या आत आहे, फक्त शाळेने त्याला आजवर विचारलेलं नाही.

जोयडा हा खरं तर जुना सुपा तालुका. पांढरी नदी काळी नदीला जिथे मिळते तिथे सुपा गाव होतं. तिथेच १०१ मीटर उंचीचं धरण झालं, १९८०च्या दशकात ते भरलं आणि गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, विस्थापितांची वसाहत रामनगरला झाली. बेळगावहून खानापूर, लोंढा करत आलं की आधी हेच रामनगर लागतं. तिथून एक रस्ता अनमोड घाटाने गोव्यात उतरतो आणि दुसरा जगलबेटवरून जोयड्याकडे जातो. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. अणशीचं राष्ट्रीय उद्यान आणि दांडेलीचं अभयारण्य एकत्र करून २००७मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५पासून त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प. त्याचा मोठा भाग जोयड्यात मोडतो.

भाषेच्या दृष्टीनेही हा सीमेवरचाच मुलूख. १८६२मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, १९५६मध्ये म्हैसूर राज्यात गेला. कुणब्यांच्या घरात कोकणी बोलतात, शाळा बहुतेक कन्नड, रामनगरच्या बाजारात मराठी चालते आणि खानापूरकडच्या अंगाला मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. पहिलीतलं मूल शाळेत पाऊल टाकतं तेव्हाच त्याला एक भाषा दाराबाहेर ठेवावी लागते. कंदांची, झाडांची, पाखरांची नावं त्याच भाषेत असतात, म्हणून तीही बाहेर राहतात.

शिक्षण खात्याच्या हिशोबात उत्तर कन्नडचे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, कारवार आणि शिरसी. जोयडा शिरसीच्या जिल्ह्यात. इथल्या वाड्या विखुरलेल्या, मधे जंगल आणि ओढे, त्यामुळे शाळा पुष्कळ आणि प्रत्येक शाळेत मुलं थोडी. एकदोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या हे नेहमीचंच. शहरातल्या शिक्षणतज्ज्ञाला ही अडचण वाटते. ती अडचण आहेच, पण कर्नाटकाने याच अडचणीतून एक मोलाची पद्धत घडवली. १९९५मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नलि-कलि' सुरू झालं. 'आनंदाने शिका' असा त्या नावाचा अर्थ. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने लहान शाळांसाठी बसवलेली रीत तिथल्या शिक्षकांनी पाहिली आणि युनिसेफच्या मदतीने आपल्या वर्गांत आणली. हेग्गडदेवनकोटेही जोयड्यासारखाच जंगलाचा, धरणाचा आणि आदिवासींचा तालुका, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २००९-१०पासून ती पद्धत राज्यभरच्या सरकारी कन्नड शाळांत गेली.

नलि-कलिच्या वर्गात पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसतात. अभ्यासाची शिडी भिंतीवर लावलेली असते, तिच्या पायऱ्यांवर प्राण्यापक्ष्यांची चिन्हं. मूल आपली पायरी शोधतं, त्या चिन्हाचं कार्ड उचलतं, काम करतं आणि आपल्या तक्त्यावर खूण करतं. काही मुलं बाईंजवळ बसतात, काही एकमेकांच्या मदतीने शिकतात, काही एकटी. आजारी पडून किंवा पावसाने ओढा भरल्यामुळे दहा दिवस घरी राहिलेलं मूल परत येतं तेव्हा ते जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे जातं. जोयड्याच्या पावसात याला फार अर्थ आहे. मात्र कार्ड सगळ्या राज्याचं एकच. त्यावरचं धान्य, फळं, प्राणी सगळ्यांना सारखे. मैदानातल्या मुलाचं कार्ड आणि अणशीच्या जंगलातल्या मुलाचं कार्ड वेगळं असावं, निदान काही कार्डं तालुक्यात बनावीत, एवढी मोकळीक शिक्षकाला मिळाली तर ही पद्धत खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.

वरच्या वर्गांसाठी गेल्या काही वर्षांत बरंच आलं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तर न आणता कारागिरांकडे, शेतात, गावात शिकू द्यावं असं सांगितलं. कर्नाटकाने महिन्यातला एक 'संभ्रम शनिवार' दप्तराविना ठेवला, महाराष्ट्राने २०२४मध्ये 'आनंददायी शनिवार' आणला. 'प्रतिभा कारंजी'च्या स्पर्धांत मुलं गातात, मातीच्या वस्तू करतात. वन खातं 'चिण्णर वन दर्शन' योजनेतून शाळकरी मुलांना जंगल दाखवतं. दांडेलीला २०१८पासून धनेशाचा महोत्सव सुरू झाला. आणि कितीतरी शाळांत 'मक्कळ संते' म्हणजे मुलांचा बाजार भरतो. मुलं घरची भाजी, फळं, चुरमुरे मांडून बसतात, मोजून देतात, सुट्टे पैसे परत करतात. आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळांतल्या बालबाजाराची आठवण येईल असाच तो असतो.

या सगळ्यांत मला बाजार सर्वांत खरा वाटतो, कारण तिथे चूक झाली तर लगेच कळते. दोन किलोचे पैसे घेऊन दीड किलो दिलं तर समोरची मावशी ऐकून घेत नाही. बाकीचे कार्यक्रम एका दिवसाचे असतात. दिवस संपतो, फोटो वर पाठवले जातात, सोमवारी पुन्हा पुस्तक. जंगलदर्शनाचंही तसंच. शहरातल्या मुलासाठी ते अनमोल आहे. कुंभारवाड्याच्या किंवा डिग्गीच्या मुलाला मात्र जंगल दाखवायची गरज नाही, त्याला जंगल मोजायला शिकवायला हवं. रोज दिसणाऱ्या झाडाला फुलं कधी आली, धनेश कोणत्या ढोलीत कधी शिरला, ओढ्याचं पाणी कोणत्या तारखेला गढूळ झालं आणि कोणत्या तारखेला निवळलं, याची नोंद एका वहीत पाच वर्षं झाली तर ती वही संशोधकाच्याही कामाची होईल.

कंदांकडे परत येतो, कारण इथे निसर्गाने वेळापत्रक आयतं करून दिलेलं आहे. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीला उघडतात. त्याच सुमाराला पहिल्या पावसावर कंदाचे तुकडे मातीत जातात. श्रावणात वेली मांडवावर चढतात, दसऱ्याच्या सुट्टीनंतर पानं पिवळी पडू लागतात, डिसेंबर-जानेवारीत वेल सुकली की खणणी. वार्षिक परीक्षा मार्चमध्ये. म्हणजे पेरणीपासून काढणीपर्यंतचं सगळं पीक एका शाळावर्षात बसतं आणि परीक्षेच्या आधी संपतं. भाताचं इतकं जुळत नाही, त्याची कापणी शाळावर्षाच्या मधेच, दिवाळीच्या आसपास उरकते आणि लावणीच्या ऐन दिवसांत मुलं घरच्या शेतात लागतात. आंब्याफणसाला वर्षं लागतात. कंदांचं वर्ष आणि शाळेचं वर्ष मात्र एकमेकांवर जवळजवळ तंतोतंत बसतात.

शाळेच्या परसात दोन गुंठे जागा नसली तरी चालेल. कुंपणाच्या कडेने दहा खड्डे पुरतात. त्यातून सातवीपर्यंतचा किती अभ्यास निघतो ते पाहावं. कोनफळाची वेल आणि करांद्याची वेल आधाराभोवती विरुद्ध दिशांनी वळतात. कोनफळ एका बाजूने चढतं, करांदा आणि कणगर दुसऱ्या बाजूने. हे रोज पाहणाऱ्या मुलालाही बहुतेक वेळा कुणी विचारलेलं नसतं की वेल कुठून कुठे वळली. एकदा विचारलं की ते आयुष्यभर विसरत नाही. कोनफळाचं खोड चौकोनी, त्याला कडेने पंखासारख्या पट्ट्या आणि पानं समोरासमोर. करांद्याचं खोड गोल, पानं एकाआड एक, आणि वेलीलाच वर लटकलेले कंद. कणगराला काटे. वनस्पतींचं वर्गीकरण शिकवायला यापेक्षा चांगला फळा कुठून आणायचा? दर शनिवारी दोरीने वेलीची लांबी मोजली आणि चौकटीच्या कागदावर बिंदू मांडले की आलेख तयार होतो. पावसाळ्यात ती रेषा उभी चढते, नंतर सपाट होते. ती का सपाट झाली हा प्रश्न मूलच विचारेल, आणि त्या वेळी जमिनीखाली काय चाललं आहे हे सांगायला विज्ञानाचं पुस्तक उघडायचं.

सुरण आणि अळू घशाला का खाजतं? त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात. आजी सुरणात चिंच किंवा कोकम घालते, चिरण्याआधी हाताला तेल लावते, रानटी करांदे उकडून पाणी फेकते. हे सगळं रसायनशास्त्र आहे आणि ते तिच्याकडून ऐकून, लिहून, तपासून घ्यायचं आहे. जानेवारीत खणणी झाली की वजन करायचं. पेरलेला तुकडा किती ग्रॅमचा होता, निघालेला कंद किती, गुणोत्तर किती. ज्या खड्ड्यात शेणखत घातलं होतं आणि ज्यात घातलं नव्हतं त्यांत फरक किती. रानडुकराने किंवा साळिंदराने किती नेलं तेही वहीत यावं, कारण शेतकऱ्याच्या हिशोबात तो खर्च असतोच. उरलेले कंद 'अक्षर दासोह'च्या, म्हणजे शाळेतल्या मध्यान्ह भोजनाच्या, चुलीवर सांबारात. तिरुवनंतपुरमला १९६३पासून केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना पत्र लिहून प्रश्न विचारणं हा भाषेचाही तास होईल आणि विज्ञानाचाही.

पावसाचंही तसंच. शाळेचं छप्पर दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असेल तर एक सेंटिमीटर पावसात त्यावरून ८०० लिटर पाणी वाहून जातं. हे गणित बाटली कापून केलेल्या पर्जन्यमापकाजवळ उभं राहून सोडवलं की क्षेत्रफळ आणि घनफळ या दोन गोष्टी परत शिकवाव्या लागत नाहीत. तिथून पुढे सुपा धरणाच्या १४७ टीएमसी पाण्यापर्यंत जाता येतं. ज्या पाण्याने आजोबांचं गाव बुडवलं त्याचं माप नातवाला काढता यावं, ते पाणी कोणत्या टर्बाइनवर पडतं आणि त्यातून झालेली वीज कुठे जाते हे त्याला कळावं, असं मला मनापासून वाटतं.

असं करू पाहणारी माणसं मराठी मुलखात होऊन गेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५मध्ये बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत होती. या बायकांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतात तिथेच शिक्षिका जाऊ लागली. पाड्यांवरच्या अंगणांत बालवाडी भरवली आणि साधनं म्हणून पानं, बिया, शिंपले, खडे वापरले. महागडी मॉन्टेसरी साधनं परवडणार नव्हती हे कारण होतंच, पण त्या मुलांच्या बोटांना ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात करायची ही त्यामागची खरी दृष्टी होती. पुढे देशभर गेलेल्या अंगणवाडीची एक मुळी तिथे आहे.

दुसरे डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेला, मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेला हा शास्त्रज्ञ १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावी गेला आणि त्याने विज्ञान आश्रम उभा केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा विषय तयार झाला. आठवड्यातला एक दिवस मुलं काम करतात. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, माती आणि पाण्याची तपासणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, आरोग्य. शिकवणारे बरेचदा गावातलेच कारागीर. महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली, गुण दिले. कलबाग २००३मध्ये गेले, आश्रम चालू आहे. त्यांच्या कामातली मला सर्वांत पटणारी गोष्ट ही की मुलाने केलेलं काम गावात कुणाच्या तरी उपयोगी पडायला हवं असा त्यांचा आग्रह होता. शाळेत बनवलेला दरवाजा कुणाच्या तरी घराला लागायचा, मातीचा अहवाल कुणा शेतकऱ्याच्या हातात पडायचा.

कोसबाड आणि पाबळ ही नावं घेतली की एक शंकाही घ्यावी लागते, आणि ती खोटी नाही. १९३७च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने नई तालीमची आखणी केली. हस्तोद्योगातून शिक्षण हा तिचा गाभा. स्वातंत्र्यानंतर ती देशभर टिकली नाही. त्याला कारणं अनेक, पण एक कारण पालकांच्या मनातलं होतं. साहेबाचा मुलगा इंग्रजी शिकणार आणि आमच्या मुलाने सूत कातायचं? जोयड्यातला बाप हाच प्रश्न विचारील. मुलाला कंदच लावायचे असते तर शाळेत कशाला पाठवलं असतं, असं तो म्हणाला तर त्याला चूक ठरवण्याचा अधिकार मला नाही. कुणब्यांनी शिक्षणासाठी काय सोसलं आहे ते त्याला ठाऊक असतं. आठवीनंतर मूल वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे ठेवावं लागतं. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप या समाजांना २००३पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, त्याच वर्षी उत्तर कन्नडातल्या सिद्दी समाजालाही तो मिळाला. जोयड्याचे कुणबी वर्षानुवर्षं तीच मागणी करत आहेत. अनमोडच्या पलीकडच्या नात्यातल्या मुलाला मिळणारी शिष्यवृत्ती अलीकडच्या मुलाला नाही. अशा घराला शाळेकडून आधी दहावीचे चांगले गुण हवे असतात, आणि ते मागणं रास्त आहे.

म्हणून हाताचं काम वेगळ्या तासात, वेगळ्या शनिवारी बंद करून ठेवणं मला मान्य नाही. ते गणिताच्या आणि विज्ञानाच्या तासात यायला हवं, त्याचे गुण परीक्षेत मिळायला हवेत. कंदाच्या गुणोत्तराचं उदाहरण सोडवलेलं मूल दहावीच्या पेपरातलं गुणोत्तर अधिक चांगलं सोडवेल, आणि तसं ते सोडवतं हे बापाला निकालात दिसलं की त्याची शंका आपोआप कमी होईल. माध्यमिक शाळेत सूक्ष्मदर्शक, तराजू, काचेची भांडी असली पाहिजेत. आजीचं ज्ञान आणि प्रयोगशाळेची शिस्त यांतलं एकच निवडा असं गरीब मुलाला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ज्याने वेल ओळखली त्यालाच वनस्पतिशास्त्राच्या पदवीपर्यंत नेणारा रस्ता हवा.

या मुलखात अशा ज्ञानाचा मान राखणारी माणसं आहेत. जोयड्याच्या महादेव वेळीप यांना २०२१मध्ये पर्यावरणासाठी कर्नाटकाचा राज्योत्सव पुरस्कार मिळाला. शेजारच्या अंकोल्याच्या तुलसी गौडा कधी शाळेत गेल्या नव्हत्या, वन खात्याच्या रोपवाटिकेत त्यांनी आयुष्य घालवलं, झाडांच्या बिया आणि रोपं त्यांच्याइतकी क्वचितच कुणाला कळत असतील. त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४च्या डिसेंबरात त्या गेल्या. अशा माणसांचा सत्कार शाळेत होतो, हार घातले जातात. मला वाटतं, त्यांच्यासारख्यांना हाराबरोबर वेळापत्रकातला तास मिळायला हवा, मानधनासह. पाबळला कारागीर शिकवतो, तर जोयड्यात कंदांचं बियाणं राखणारी बाई का नाही? पदवीची अट तिथे आड येते. अतिथी शिक्षकांच्या नेमणुका होतात त्याच धर्तीवर वर्षातून काही तासांसाठी अशी नेमणूक करता येईल.

भाषेचा प्रश्नही इथेच थोडा सुटतो. कर्नाटकाने स्वतःच्या शैक्षणिक धोरणासाठी ऑक्टोबर २०२३मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, ऑगस्ट २०२५मध्ये त्याचा अहवाल आला. मातृभाषेबद्दल अहवालांत जे लिहायचं ते लिहिलं जातं. पण पहिलीच्या वर्गात ज्या मुलाच्या घरी कोकणी बोलतात त्याच्यासाठी आज जे करता येईल ते छोटंसंच आहे. खड्ड्याजवळच्या पाटीवर कंदाचं घरातलं नाव कन्नड लिपीत लिहायचं, मराठी शाळेत देवनागरीत. मुलाने पहिल्यांदा वाचलेला शब्द त्याच्या आजीच्या तोंडचा असेल.

घाई करायला एक कारण आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना आधी १० लाख आणि २०२१पासून १५ लाख रुपयांचं पॅकेज आहे. वाड्यांत दवाखाना नाही, रस्ता नाही, मुलांना पुढे शाळा नाही, म्हणून काही कुटुंबं जातात. त्यांचा निर्णय त्यांचा. पण एक कुटुंब उठलं की लहान शाळेचा पट दोनतीन मुलांनी घटतो, पट घटला की शाळा दुसरीला जोडण्याची चर्चा सुरू होते, आणि शाळा गेली की उरलेली घरंही हलतात. त्यांच्याबरोबर परसातलं बियाणं जातं. बाजारात मिळणारं पीक नसल्यामुळे ते घराघरांतूनच टिकलेलं आहे. एखाद्या जातीचा शेवटचा कंद ज्या परसात होता ते परस ओस पडलं की ती जात संपली.

शाळांच्या कुंपणाला लावलेले दहा-दहा खड्डे हे त्या बियाण्याचं दुसरं ठिकाण होऊ शकतं. त्यासाठी नवी योजना लागत नाही, मोठा निधी लागत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मे महिन्यात एक परिपत्रक काढायचं, मेळा भरवणाऱ्या मंडळींनी प्रत्येक शाळेला पाच जातींचं बियाणं द्यायचं आणि कोणत्या शाळेत कोणती जात आहे याची यादी ठेवायची. जानेवारीच्या मेळ्यात शाळांसाठी एक टेबल. त्यावर मुलांच्या वह्या, आलेख, तराजू आणि खणलेले कंद. विकायलाही मुलंच बसतील, पैसे शाळेच्या खात्यात. आणि पुढच्या जूनसाठी निवडून ठेवलेले कंद वेगळ्या टोपलीत, विक्रीला नाहीत असं पाटीवर लिहून.